फुफींचे माळवद आणि नव्या घराचा नकाशा

मे महिन्यातली दुपार. मुदखेड, उमरी मागे टाकत गाडी धर्माबादला थांबली, तेव्हा फलाटावरची फरशी चपलेतूनही पोळत होती. पुढचे स्टेशन बासर. तिथे तेलंगणा. मिरचीच्या बाजारासाठी नाव काढलेल्या या गावात मराठी, तेलुगू आणि दखनी एकाच दुकानात ऐकू येतात. आम्ही मात्र घरच्या कामासाठी आलो होतो. फुफींचे जुने घर पाडायचे का, आणि पाडले तर नवे कसे बांधायचे, हे पावसाळ्याआधी ठरवायचे होते.

दारातच फुफी म्हणाल्या, "अंदर आव, बाहर तवा तपरा." उंबरा ओलांडला आणि खरोखरच डोळ्यांवरचा ताण उतरला. घर माळवदाचे. दगडमातीची भिंत दीड हाताहून जाड. सागवानी खांबांवर तुळया, त्यांवर लाकडी फळ्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेडासाठी माळवदात साणे, मधोमध अंगण आणि अंगणात कडुनिंब. जुहरच्या नमाजनंतर आम्ही पंख्याशिवाय निवांत बसलो होतो. शेजारच्या स्लॅबच्या घरातली मंडळी मात्र इशा झाल्यावरही आत जायला तयार नव्हती. खाटा टाकून बाहेरच बसली होती.

यात चमत्कार काही नाही. पातळ स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता खोलीत सोडतो. जाड माती सावकाश तापते. उन्हाचा ताप आतपर्यंत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. रात्री अंगणात उतरलेली थंड हवा सकाळी बराच वेळ तिथेच टिकते.

"मग पाडायचे कशाला?" आम्ही विचारले. भाईजान एवढेच म्हणाले, "किल्लारी विसरलात का?"

आम्ही गप्प झालो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जमीन हादरली. आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यातली बहुतेक अशाच घरांत झोपलेली होती. जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण पुष्कळदा ती आतून दोन वेगळ्या थरांची असते आणि मध्ये दगडमातीची भर. दोन्ही थरांना बांधणारे आरपार दगड नसले की हादऱ्याने भिंत फुगते, फाटते आणि वरचे टनावारी मातीचे ओझे खाली येते. पुढे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. जी घरे उभी राहिली, त्यांच्या भिंतींत आरपार बांध घालणे, दारांवरून सलग पट्टा फिरवणे आणि माळवदावरची माती कमी करणे, असे उपाय सांगितले गेले. दोष एकट्या मातीचा नव्हता. डोक्यावरच्या ओझ्याचा आणि सुट्या भिंतीचा होता.

भाभींची तक्रार वेगळी होती. दरवर्षी मृगाआधी माळवदावर माती कोण चढवणार? गळती लागली की रात्री पातेली कोण ठेवणार? थंडाव्याचे कौतुक पाहुण्यांना, राबणे घरच्या बाईला. तेही खरेच होते.

इजिप्तचे वास्तुरचनाकार हसन फथी यांची आठवण आम्हाला इथे झाली. 1946 मध्ये त्यांनी लक्सरजवळ गरिबांसाठी न्यू गुर्ना हे गाव कच्च्या विटांच्या घुमटांनी आणि अंगणांनी बांधायला घेतले. वाळवंटात लाकूड नाही, म्हणून लाकडाच्या आधाराशिवाय कमान उभारण्याची नूबियातल्या गवंड्यांची जुनी रीत त्यांनी वापरली. घरे देखणी झाली, पण ज्यांच्यासाठी बांधली त्यातले बरेचजण तिथे राहायला गेलेच नाहीत. घर कितीही शहाणपणाचे असो, राहणाऱ्याला ते आपले वाटले पाहिजे. म्हणून नकाशाचा कागद आम्ही आधी भाभींपुढे सरकवला.

जागा 400 चौरस फुटांची. छोटी वाटते खरी. पण अरबस्तानच्या रखरखाटात हजरत मुहम्मद (सल्ल.) यांच्या पत्नींच्या खोल्या कच्च्या विटांच्या आणि खजुरीच्या झावळ्यांच्या होत्या, आणि छत इतके ठेंगणे की मुलाचा हात पोहोचावा. घराची बरकत चौरस फुटांत मोजायची नसते.

मग एकेक गोष्ट ठरत गेली. छत हलके नि पक्के, पट्टे आणि खांब इंजिनिअरच्या सल्ल्याने. छतावर दर उन्हाळ्यात पांढरा चुना. पश्चिमेला खिडकी नाही. त्या बाजूला न्हाणी आणि सामानाची खोली, म्हणजे तिरपे ऊन त्यांनी सोसावे. दक्षिणेला पडवी. छताखाली झरोके, गरम हवा निघून जायला. अंगण लहान झाले तरी राहील, आणि निंबाला हात लावायचा नाही. ही फुफींची एकमेव अट.

पाण्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. गोदावरी उशाशी, पण बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या निकालानुसार 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. ऐन पुराचे पाणी पुढे जाते. लातूरला तर 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. तेव्हा घराची तहान घराने भागवावी हे बरे.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. 400 चौरस फूट म्हणजे 37 चौरस मीटर. वर्षाला 600 मिलिमीटरच पाऊस झाला आणि पाचवा हिस्सा वाया गेला, तरी साडेसतरा हजार लिटर मिळतात. पाच माणसांना पिण्या-रांधायला रोज 25 लिटर धरले, तर कोरड्या आठ महिन्यांना 6,000 लिटर पुरतात. सात फूट लांब, सहा फूट रुंद, पाच फूट खोल अशी झाकलेली टाकी झाली की काम भागले. पहिल्या पावसाचे पाणी छत धुऊन बाहेर सोडायचे, नंतरचे गाळून आत घ्यायचे. वुजूचे आणि न्हाणीचे पाणी निंबाला आणि शेवग्याला. प्रेषितांचा (सल्ल.) वुजू एका मुद्द पाण्यात, म्हणजे लिटरभरापेक्षाही कमी पाण्यात होत असे. आपला नळ मात्र डोक्यावर मसह होईपर्यंत बादलीभर वाहून जातो.

असरच्या सुमारास भाईजानांनी गवंड्याला निरोप धाडला. जुन्या तुळया विकायच्या नाहीत; त्यांची दारे-चौकटी होणार. फुफी बराच वेळ खांबाला टेकून बसल्या होत्या. भाभींनी पेन्सिल घेतली, नकाशातली टाकी खोडली आणि चुलीपासून चार पावलांवर पुन्हा काढली.

"हातपंप इथे," त्या म्हणाल्या. "घागर मला उचलायची आहे."