एक जादा क्लिक

२००६ साली इंटरनेट एक्स्प्लोरर वापरत असाल तर आठवेल. पानावरच्या फ्लॅशच्या चौकटीवर माऊस नेला की भोवती कडा उमटायची आणि सूचना यायची, आधी इथे क्लिक करा. मग खरा क्लिक. वेबसाइट बनवणाऱ्या माझ्या मित्रांना गिऱ्हाइकांचे फोन यायचे, "साइट बिघडली!" बिघडलं काहीच नव्हतं. हा क्लिक कोर्टातून आला होता.

झालं असं की वेबपानाच्या आत दुसरा प्रोग्रॅम आपोआप चालू करायचा, या कल्पनेवर कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९४ साली पेटंटचा अर्ज केला. संशोधक मायकेल डॉयल आणि त्यांचे दोन सहकारी. १९९८ मध्ये पेटंट मिळालं, आणि ते चालवायला डॉयल यांची इओलास नावाची छोटी कंपनी होती. १९९९ मध्ये तिने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. ऑगस्ट २००३ मध्ये शिकागोच्या ज्यूरीने भरपाई ठरवली, सुमारे ५२ कोटी डॉलर!

पेटंटातला कळीचा शब्द 'आपोआप'. माणसाने क्लिक करून प्रोग्रॅम चालू केला तर ते आपोआप कसं? म्हणून तो क्लिक. आणि गंमत म्हणजे तोच टॅग वेगळ्या जावास्क्रिप्ट फाइलमधून लिहिला की क्लिक लागत नसे. मग बसले सगळे आपापली पानं दुरुस्त करत. या कामाचे पैसे अर्थातच कोणी दिले नाहीत.

आता माझ्या नावावरही दोन पेटंटं आहेत, तेव्हा मी काही साधू नव्हे. पण हे प्रकरण मला खटकतं ते पुढच्या भागामुळे. पेई-युआन वेई या तरुणाने बर्कलीला शिकताना व्हायोला नावाचं सॉफ्टवेअर सुरू केलं होतं. त्याचा पुढे ब्राउझर झाला, आणि त्यात पानाच्या आत छोटे प्रोग्रॅम चालत. मे १९९३ मध्ये त्याने ते सन कंपनीच्या इंजिनिअरांना दाखवलं, गुप्ततेचा कुठलाही करार न करता. म्हणजे अर्जाच्या वर्षभराहून अधिक आधी. शिकागोच्या न्यायाधीशांनी हा मुद्दा ज्यूरीपुढे जाऊच दिला नाही. मार्च २००५ मध्ये वरच्या कोर्टाने ते चूक ठरवलं; पण पुन्हा खटला उभा राहण्याआधीच २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने तडजोड केली. २००८ मध्ये तो क्लिक गेला. पेटंट मात्र जिवंत राहिलं, आणि २००९ मध्ये इओलासने ॲपल, गूगल, ॲमेझॉन वगैरे डझनावारी कंपन्यांना कोर्टात खेचलं.

निकाल लागला फेब्रुवारी २०१२ मध्ये, टेक्सासमधल्या टायलर गावी. टिम बर्नर्स-ली स्वतः साक्षीला गेले. ज्यूरीने पेटंट अवैध ठरवलं, आणि २०१३ मध्ये ते अपिलातही टिकलं. कॅलिफोर्निया विद्यापीठ यात वादी होतं, आणि बर्कली हा त्याच विद्यापीठाचा भाग. घरच्याच पोराने आधी करून दाखवलेली गोष्ट विद्यापीठ जगाला विकायला निघालं होतं. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाने हे करावं?

वेईने त्या दिवशी पाहुण्यांकडून गुप्ततेचा कागद सही करून घेतला असता, तर ते दाखवणं जाहीर ठरवणं अवघड झालं असतं. आमच्या प्रयोगशाळेत तसा कागद दारातच ठेवलेला असतो. पाहुण्याला कॉफी मिळते ती सही केल्यावर.