भरदार पोटऱ्या

आमच्या निपाणी-बेळगावच्या मुलखात तालमींचे वेड जुने. एखाद्या मुलाच्या पोटऱ्या भरदार दिसल्या की लोक त्यास भावी मल्ल ठरवून मोकळे होतात. आमच्या एका वर्गबंधूविषयी असेच बोलले जाई. जमिनीवरून उठताना मात्र तो मांड्यांवर हात टेकीत उभा राही. त्यास आळशी म्हणणारेही निघालेच!

स्नायूंच्या पेशीत ॲक्टिन नामक प्रथिनाचे तंतू असतात. डिस्ट्रोफिन हे ३६८५ अमिनो आम्लांचे दुसरे प्रथिन. त्याचा मधला भाग उसासारखा २४ पेरांचा. एका टोकाने ते ॲक्टिनला धरते, दुसऱ्याने पेशीच्या पटलाला, आणि स्नायू आखडताना पटलावर येणारा ताण सोसते. ते नसले तर पटल फाटते, कॅल्शियम आत शिरते, तंतू मरतो व त्याच्या जागी चरबी साचते. पोटऱ्या फुगतात त्या बव्हंशी यामुळे. ते बळ नव्हे.

हे प्रथिन १९८७ साली अमेरिकेत ओळखले गेले. त्याचा जनुक एक्स गुणसूत्रावर असल्याने हा डुशेन रोग बहुधा मुलग्यांनाच होतो. औषधांनी झीज मंदावते, थांबत नाही. सदोष जनुक पुष्कळदा आईकडून येतो, तोही तिच्या नकळत. सुमारे एकतृतीयांश मुलांत तर तो नव्यानेच उपजतो. गावात बोल मात्र सरसकट आईलाच!