कोरा रकाना

लोणावळा

चि. ताईस,

परसातील पर्जन्यमापकाची जी वही मी रोज सकाळी साडेआठला भरतो, तिच्यातील जुलैचे आकडे तू डार्ट या प्रोग्रामिंग भाषेत उतरवलेस, ३१ पैकी तीन कोरे रकाने 'व्हेअर' या गाळणीने गाळलेस, आणि तरीही कंपायलरने बेरीज नाकारली, हे तुझ्या पत्रावरून समजले. दोष मला कंपायलरचा वाटत नाही. चाळणीने खडे गेले तरी पोत्यावरची चिठ्ठी जुनीच राहते. 'आकडा असेल वा नसेल' हा यादीच्या प्रकारावरचा शेरा 'व्हेअर' पुसत नाही, कारण 'व्हेअर'च्या अटीचा आशय प्रकारापर्यंत पोचतच नाही. 'नॉननल्स' मात्र खडे काढून चिठ्ठीही बदलते. डार्टच्या २०२३ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून ती उपलब्ध आहे, आणि कोटलिन भाषेत हेच काम 'फिल्टरनॉटनल' करते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५ साली, अमलात आणणे सोपे म्हणून, अल्गॉल डब्ल्यू या भाषेत जो रिक्त संदर्भ ('नल') घातला आणि २००९ साली ज्यास स्वतःच अब्ज डॉलरांची चूक म्हटले, त्याच्या बंदोबस्तासाठी ही सारी शिस्त आहे; ती तुला जाचक वाटू नये.

माझी खरी चिंता निराळी आहे. कोऱ्या जागी शून्य भरण्याचा जो दुसरा उपाय तू सुचवतेस, तो कदापि करू नकोस. आपल्याकडील दप्तरांत 'निरंक' लिहितात, तेव्हा पाहणी झाली व काही आढळले नाही असे त्यातून अभिप्रेत असते; कोरा रकाना म्हणजे पाहणीच झाली नाही. वलवणचे धरण भरत आलेले असताना लोणावळ्यात तीन दिवस निरंक, हे मावळातील कोणता शेतकरी मान्य करील?

आणि गाळणेही निर्धोक नाही. १४ ते १६ जुलैस परसातून ओढ्यासारखे पाणी वाहत होते म्हणूनच मी मापकापर्यंत पोचू शकलो नाही. १७ तारखेस गेलो तो बाटली भरून ओसंडलेली. अर्थात गाळले गेले ते बहुधा महिन्यातील सर्वांत ओले दिवस, आणि उरलेल्या २८ दिवसांची सरासरी प्रत्यक्षाहून कमी येणार, ही गोष्ट कोणताही कंपायलर सांगणार नाही. शिवाय १७ तारीख आता चौदाव्या जागी येऊन बसेल. म्हणून तारीख व आकडा यांची जोडी करून मगच गाळ, आणि बेरजेशेजारी गाळलेल्या दिवसांची संख्या लिही.

वहीत त्या तीन तारखांपुढे 'अतिवृष्टीमुळे नोंद नाही' असा माझा शेरा आहे. तुझ्या यादीत शेऱ्याचा रकानाच दिसला नाही. तो घालून मला पुन्हा पाठव.

तुझा,
मामा