दगडावरचे पाऊल



‘मी पाहिलेले एक स्थळ’ हा विषय निबंधासाठी मी विद्यार्थ्यांना किती वेळा दिला असेल, याची गणती नाही. स्वतः मात्र तो निबंध कधी लिहिला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील किलमार्टिन नावाच्या लहानशा खेड्यास भेट देण्याचा योग आला. परत आल्यावर लेखणी हाती घेतल्यावाचून राहवेना, कारण तेथे जे पाहिले त्यापेक्षा तेथे जे आठवले तेच मनात अधिक घर करून राहिले आहे.

माझा भाचा नोकरीनिमित्त ग्लासगो शहरी राहतो. “मावशी, एकदा तरी या,” असा त्याचा आग्रह बरीच वर्षे चालू होता. अखेर माझी कन्या आणि मी अशा दोघी निघालो. कन्येचा जन्म येथलाच, इस्राएलमधला; लष्करी सेवा पूर्ण करून ती आता शिक्षण घेत आहे. शब्बाथ उलटल्यावर रविवारी सकाळी आम्ही मोटारीने निघालो. सोबत चपात्या, बटाट्याची भाजी आणि पोह्यांचा चिवडा घेतला होता. लोमंड सरोवराच्या काठाने, पुढे डोंगरातील घाट चढून, इन्व्हररे आणि लॉकगिल्पहेड ही गावे ओलांडून सुमारे अडीच तासांत आम्ही किलमार्टिनला पोहोचलो.

गाव ते केवढे! एक देऊळ, म्हणजे त्यांचे चर्च, एक वस्तुसंग्रहालय, एक उपाहारगृह आणि रस्त्यालगत थोडीशी घरे. परंतु या गावाभोवतीच्या सहा मैलांच्या परिसरात आठशेहून अधिक प्राचीन अवशेष असून त्यांतील सुमारे दीडशे प्रागैतिहासिक काळातील आहेत. वस्तुसंग्रहालयाचे नूतनीकरण होऊन ते 2023 साली पुन्हा उघडले. आधी ते पाहावे आणि मग दरीत उतरावे, म्हणजे प्रत्येक दगडाची ओळख पटते. चर्चच्या आवारात मध्ययुगीन थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांवर तलवारी, वेलबुट्टी आणि चिलखतधारी योद्धे कोरलेले आहेत. त्याच आवाराच्या कडेस उभे राहिले की खाली हिरवीगार दरी पसरलेली दिसते आणि तीत दगडगोट्यांचे मोठे ढीग एका ओळीत मांडल्यासारखे नजरेस पडतात.

हे ढीग म्हणजे प्राचीन समाधिस्थाने. त्यांतील सर्वांत जुने, नेदर लार्गी साउथ, पाच हजार वर्षांहून अधिक जुने आहे. त्याच्या दगडी कक्षात वाकून आत जाता येते. आत गारवा होता आणि ओल्या दगडाचा वास होता. बाहेर आल्यावर मला नवगावच्या किनाऱ्याची आठवण झाली. आपले पूर्वज जेथे जहाज फुटून किनाऱ्यास लागले आणि मृतांना जेथे पुरले असे आपण परंपरेने सांगतो, तेही असेच नावे नसलेले उंचवटे. जवळच टेंपल वुड येथे उभ्या शिळांचे एक वर्तुळ आहे. भोवतीच्या झाडांच्या सावलीत बसून आम्ही डबा उघडला. तेथे ‘मिज’ नावाची चिलटे फार. त्यांनी चिवड्यापेक्षा आमचाच अधिक समाचार घेतला.

दुपारी गावाच्या उत्तरेस मैलभरावर असलेला कार्नासरी किल्ला पाहिला. भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. 1685 सालच्या बंडाच्या धामधुमीत तो सुरुंगाने उडविण्यात आला. वर चढून गेल्यास सारी दरी एका दृष्टिक्षेपात येते. परंतु एका शिक्षिकेला हा किल्ला वेगळ्याच कारणाने प्रिय व्हावा. तो बांधणारा धर्मगुरू जॉन कार्सवेल याने प्रार्थनेचे एक पुस्तक गेलिक भाषेत भाषांतरित केले आणि 1567 साली ते एडिंबरो येथे छापून निघाले. गेलिकमधील ते पहिले छापील पुस्तक होय. मला लगेच आपला पेसाखचा हगादा आठवला. मराठी भाषांतरासह तो 1846 साली मुंबईत छापला गेला. आणखी एक योगायोग सांगते. आपल्या लोकांना हिब्रू शिकता यावी म्हणून मराठीतून हिब्रूचे व्याकरण 1832 साली मुंबईत प्रसिद्ध करणारे जॉन विल्सन हे याच स्कॉटलंडचे. ते आले होते ख्रिस्ती धर्माच्या प्रसारासाठी. आपल्या पूर्वजांनी त्यांच्याकडून व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला!

त्या गेलिक भाषेची आजची स्थिती भाच्याने सांगितली. 2022 सालच्या जनगणनेनुसार स्कॉटलंडमध्ये गेलिकचे थोडेफार ज्ञान असणारे लोक अवघे अडीच टक्के आहेत. मराठी बोलणारे कोट्यवधी आहेत, तेव्हा मराठीस तसे भय नाही. परंतु आपल्या घरांतील मराठीचे काय? हा प्रश्न मनात घोळवीत मी पायऱ्या उतरले.

शेवटी आम्ही दक्षिणेस चार मैलांवरील डुनॅड येथे गेलो. सपाट दलदलीतून एकाएकी वर आलेली ही खडकाळ टेकडी उंचीने पन्नास-साठ मीटरच असेल. परंतु सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी डाल रिआटा या गेलिक राज्याचे हे एक प्रमुख ठाणे होते. माथ्यावरून पाहता खाली ॲड नदी वळणे घेत जाते, भोवती ‘मोइन वोर’, म्हणजे मोठी दलदल, तपकिरी-हिरव्या रंगांत पसरलेली असते आणि पश्चिमेस क्रिनानच्या बाजूला समुद्र चमकतो. तेथील उन्हाळ्यात सूर्य उशिरापर्यंत मावळत नाही; संध्याकाळी सातच्या सुमारासही लख्ख ऊन होते.

याच माथ्याजवळ खडकात एक पाऊल कोरलेले आहे. राज्याभिषेकाच्या वेळी नवा राजा त्यात आपले पाऊल ठेवीत असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. आज दिसते ती वर बसविलेली प्रतिकृती. मूळ पाऊल तिच्याखाली सुरक्षित झाकून ठेवले आहे. माझ्या कन्येने बूट काढून त्यात आपला पाय ठेवला, हसली आणि हिब्रूत म्हणाली, “इमा, आपल्याकडे असे काही आहे का?”

आहे. अलिबागजवळच्या खंडाळे गावी खडकावर एलियाहू हनाबीची टाप आहे. हनाबी अग्निरथातून तेथून स्वर्गास गेले आणि घोड्याच्या टापांची व रथाच्या चाकाची खूण मागे राहिली, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. आठ वर्षांची असताना आईने मला तेथे नेले होते. मलिद्याचे ताट, पोह्यांचा आणि ओल्या खोबऱ्याचा वास, खडकावरून फिरणारा आईचा हात, सारे मला आठवते. माझ्या कन्येला मात्र यातील काहीच ठाऊक नव्हते. याला दोषी मीच.

आम्ही येथे आलो तेव्हा आई आमच्याबरोबर होती. कन्या लहान असताना रात्री तिला थोपटीत आई मराठीत गोष्टी सांगे. मी अध्यापनाचे प्रशिक्षण घेतलेली बाई. मुलीची एकच भाषा आधी पक्की व्हावी, शाळेत ती मागे पडू नये, असे मला वाटे. म्हणून मी दाराशी उभी राहून म्हणे, “आई, तिच्याशी हिब्रूत बोल ना.” आईला हिब्रू बाजारापुरतीच येई. ती तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर काही बोलली नाही. नुसती थोपटीत राहिली. आज आई हयात नाही.

डुनॅडच्या त्या खडकावर बसून मी कन्येला टापेची गोष्ट सांगू लागले, अर्थातच हिब्रूत. शब्द सारे होते. गोष्ट मात्र भूगोलाच्या धड्यासारखी कोरडी होऊ लागली. कन्येने मला थांबविले. म्हणाली, “आजी सांगायची तशी सांग.” मग मी मराठीत सांगितली. तिला निम्मी कळली. अडे तेथे ती विचारी, भाचा समजावून देई. ‘टाप’ हा शब्द तिने तीनदा म्हणून पाहिला आणि मग खडकावर बोटांनी वाजवून विचारले, “असा आवाज?” मी मान हलविली. बोलण्यासारखा गळा त्या वेळी नव्हता.

किलमार्टिनला जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे सांगते. पायांत पाण्याने न भिजणारे मजबूत बूट असावेत, कारण डुनॅडची वाट ओली व निसरडी असते. पावसाची तयारी उन्हाळ्यातही ठेवावी. चिलटांसाठी मलम न्यावे. एक पूर्ण दिवस हाताशी हवा.

आणि ज्यांना तेथे जाणे शक्य नाही, त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या घरी वडीलधारे कोणी असतील, तर येत्या शब्बाथच्या संध्याकाळी मुलांना त्यांच्याजवळ बसवा आणि त्यांना ज्या भाषेत बोलावेसे वाटेल त्या भाषेत बोलू द्या. मुलांना निम्मेच कळले तरी चालेल. मध्ये कोणी दाराशी उभे राहू नये.

आम्ही दोघी पुढील वर्षी खंडाळ्यास जाणार आहोत. कन्या आतापासून शब्दांची वही करीत आहे. पहिल्या पानावर तिने हिब्रू अक्षरांत एकच शब्द लिहिला आहे : टाप.