दाबलं तरी न तडकणारा रंग

आमच्या मुरुम गावात रंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऑइल पेंटचा डबा येतो. दारं-खिडक्या, दुकानाची पाटी, पोळ्याला बैलांची शिंगं, सगळीकडे तोच. म्हणून माझ्याकडे जुनं रबरी खेळणं रंगवायला घेऊन येणारा माणूसही तेच सांगतो, "दादा, चांगला चकाकणारा मारा, परत निघायचा नाही असा." ही खेळणी बहुतेक सोलापूरच्या गड्डा यात्रेतली. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या या यात्रेला गेलेलं माणूस लेकरासाठी दाबली की वाजणारी बाहुली, ससा, हत्ती असं काहीतरी घेऊनच परतायचं. ते लेकरू आता आजोबा झालेलं असतं आणि पत्र्याच्या पेटीतून निघालेल्या सशाचं एक बुबुळ गेलेलं असतं, गालावरचा गुलाबी फक्त कडेला उरलेला असतो.

या कामात टिकाऊ रंग म्हणजे वाकणारा रंग, हे मी प्रत्येकाला सांगतो. ऑइल पेंट हवेतला प्राणवायू घेऊन वाळतो आणि वाळून झाल्यावरही वर्षानुवर्षं कडक होतच राहतो. लाकडाच्या दाराला ते चालतं. रबराचं पोट मात्र दाबलं की आत जातं, सोडलं की बाहेर येतं. वरचा थर त्याच्याबरोबर ताणला गेला नाही, तर उन्हाळ्यात काळ्या रानाला पडतात तशा भेगा त्याला पडतात आणि मग कडा उचलून खपल्या निघतात. हे आपल्याकडेच घडतं असं नाही. अमेरिकेतलं अॅक्रन हे एके काळी रबराच्या कारखान्यांचं शहर होतं. तिथल्या सायबरलिंग लेटेक्स कंपनीनं १९३०च्या दशकात डिस्नेची पात्रं रबरात घडवली. आज संग्राहकांकडे असलेल्या त्या बाहुल्यांची किंमत ठरवताना मूळ रंग किती शिल्लक आहे, हे आधी पाहतात.

रंगाआधी अंग ओळखावं लागतं. सगळं रबरासारखं दिसणारं रबर नसतं. पुढच्या काळातली पुष्कळ खेळणी मऊ पीव्हीसीची आहेत. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू पृष्ठभागावर येतं. अशा खेळण्यावर ऑइल पेंट महिनोन्महिने चिकटच राहतो, त्यावर धूळ बसते. खरं रबर वासावरून कळतं. चार्ल्स गुडइयरला १८३९ साली सापडलेल्या रीतीप्रमाणे ते गंधक घालून तापवलेलं असतं. त्यातलं उरलेलं गंधक कधीकधी पांढुरक्या पुडीसारखं वर येतं आणि लोकांना ती बुरशी वाटते. ती पुसल्याशिवाय वर काही लावलं, तर रंग पुडीला चिकटतो, रबराला नाही.

पुसायचं कशानं, हाही प्रश्न आहे. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, मऊ दात-ब्रश. शेवटी कापसावर थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर, पेट्रोल, रॉकेल रबरात शिरतं आणि रबर फुगतं. सुकल्यावर ते पुन्हा बसल्यासारखं दिसतं, पण जुनं रबर या ओढाताणीत आणखी कमजोर होतं. थिनरवर पातळ होणारे सगळे रंग मी याच कारणानं बाजूला ठेवतो, डब्यावर काहीही लिहिलेलं असो.

उरतात ते पाण्यावरचे रंग. अॅक्रिलिक वाळल्यावरही लवचीक राहतं, म्हणून डोळे, भुवया, ओठ, कपड्यांच्या गुंड्या यांना मी तेच वापरतो. आपल्याकडे त्याची एक अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर गेला की अॅक्रिलिकचा थर मऊ पडतो आणि खेळणं ज्या कागदात गुंडाळलं असेल त्याला चिकटतो. त्यासाठी वरून पाण्यावरच्या पॉलियुरेथेनचा अगदी पातळ हात द्यावा, तोही मॅट. चकाकी मुळात या खेळण्यांना कमीच होती.

पोट, गाल, मान, जिथं बोटं दाबली जातात, तिथं मला सर्वांत भरवशाचं वाटतं ते द्रवरूप रबरच. केरळातून येणाऱ्या लेटेक्समध्ये पाण्यात मिसळणारा रंग घालायचा. रबरावर रबर बसतं आणि त्याच्याबरोबर ताणलं जातं. ओलं लेटेक्स दुधासारखं पांढरं असतं, वाळलं की ती पांढरी झाक जाते आणि रंग गडद होतो. म्हणून गालाचा गुलाबी वाटीत हवा त्याहून फिका दिसला पाहिजे. नजर बसायला वेळ लागतो, आणि मला या कामातला सर्वांत आनंदाचा भाग तोच वाटतो: जुन्या गालाच्या कडेला उरलेल्या रंगाशी नवा रंग वाळल्यावर जुळतो की नाही, याची वाट पाहणं.

सोनेरीबद्दल वेगळं सांगायलाच हवं. मुकुट, गदा, घुंगरू रंगवायला लोक पितळेच्या पुडीचा सोनेरी मागतात. पितळेत तांबं असतं, आणि तांबं नैसर्गिक रबराचा वैरी आहे. त्याच्या संगतीत रबर झपाट्यानं कुजतं. मी अभ्रकाच्या चमकीचा सोनेरी वापरतो. तो थोडा मंद दिसतो, पण रबर राखतो.

कोणताही रंग आधी शिट्टीजवळ, तळाला, नखाएवढ्या जागेत लावून आठवडाभर ठेवायचा. मग ती जागा दाबायची, वाकवायची, चिकटपट्टी लावून ओढायची आणि भिंगाखाली पाहायची.

जुना रंग मात्र कोरडा घासू नये. त्या काळच्या पिवळ्या-तांबड्या रंगांत शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दर दहा लाख भागांत ९० भागांवर आणणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि नव्या खेळण्यांना भारतीय मानकाची खूण सक्तीची झाली ती १ जानेवारी २०२१ पासून. गड्ड्यातला तो ससा या दोन्हींच्या कितीतरी आधीचा. मी रंगवून दिल्यावर "नातवाला खेळायला देऊ ना?" असं आजी विचारतात, तेव्हा माझं उत्तर नाही असंच असतं. कपाटात ठेवा, दाखवा, आवाज ऐकवा, पण तोंडात घालणाऱ्या लेकराच्या हाती देऊ नका.

तुमच्याही पेटीत असं एखादं खेळणं असेल, तर ते डांबरगोळ्यांपासून दूर, सुती कापडात, थंड आणि अंधाऱ्या जागी ठेवा. बोट लावल्यावर रबराचा चुरा होत असेल किंवा ते गुळासारखं पाघळलं असेल, तर त्याला कोणताच रंग देऊ नका.