चावीचा आरोप

शनिवारी सकाळी ग्रँट रोडला उतरले आणि पूर्वेकडे चालत सुटले. थोड्याच वेळात चोर बाजारातली मटण स्ट्रीट. (शुक्रवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.) ग्रामोफोन, झुंबरं, जुनी फिल्मी पोस्टर्स... एरवी मी इथे तासन्‌तास टाइमपास केला असता. पण आज पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेलं पणजोबांचं साखळीचं घड्याळ होतं.

पणजोबा जीआयपी रेल्वेत होते. 'आमचं घड्याळ शहराच्या पुढे' हा त्यांचा डायलॉग आमच्याकडे अजून चालतो आणि तो चक्क खरा आहे! १९०५-०६ मध्ये रेल्वेने आणि सरकारने प्रमाणवेळ स्वीकारली. मुंबई पालिका मात्र ३९ मिनिटं मागे असलेल्या 'बॉम्बे टाइम'ला पुढे कित्येक दशकं चिकटून राहिली. ऑफिसला उशीर झाल्यावर सांगायला काय सही कारण होतं, नाही?

घड्याळ बंद पडलं १९७४ मध्ये. आरोपी : बाबा, वय वर्षं नऊ. चोरून चावी दिली, जास्त दिली, टिकटिक थांबली. पणजोबा ओरडले नाहीत, घड्याळ गुपचूप कपाटात ठेवून दिलं. त्यानंतर बाबांनी चावीच्या घड्याळाला हात लावलेला नाही.

गल्लीच्या टोकाला टेबलाएवढं दुकान. चाचांनी डोळ्याला भिंग लावून मागचं झाकण उघडलं. आतून सुईनं कोरलेल्या बारीक खुणा होत्या, आधीच्या कारागिरांच्या. घड्याळ दुरुस्तीला आलं की एक खूण. शेवटची १९५८ ची.

"उसके बाद किसी ने तेल नहीं डाला," चाचा म्हणाले. "सूख के गोंद हो गया. कमान तो साबुत है."

म्हणजे चावीनं काही बिघडलंच नव्हतं! तेल सुकलं की चाकं अडकतात, कमान भरलेलीच राहते आणि चावी पुढे फिरत नाही. ज्यानं शेवटची चावी दिली, त्याच्यावर आळ.

"डायल चमका दूँ?" नको म्हटलं. साफसफाई आणि तेलाचे अडीच हजार ठरले.

तिथूनच बाबांना फोन लावला. बराच वेळ ते गप्पच. मग म्हणाले, "कमान नीट बघितली का त्यांनी?" मी फोन सरळ चाचांच्या हातात दिला.

दोन आठवड्यांनी घड्याळ आणायला बाबा स्वतः आले. चाचांनी ते त्यांच्यापुढे धरलं. "चावी आप दो."

बाबांनी चार वळसे दिले आणि थांबले.

"और दो," चाचा म्हणाले.