बाटल्या फोडण्याआधी

सांगली

चि. मेघा,


ऑफिसातल्या मैत्रिणी त्या रेज रूममध्ये जाणार आहेत, पैसे भरून, हेल्मेट घालून बाटल्या फोडायला, आणि तुलाही ओढताहेत. ‘सगळा राग एकदाचा निघून जाईल का गं मावशी?’ असं तू विचारलंस, तेव्हा तुझा ईशान शेजारी होता म्हणून मी विषय वाढवला नाही. नाही जाणार, मेघा. का, तेच सविस्तर लिहिते.

राग कुकरमधल्या वाफेसारखा साठतो आणि शिटी झाली की माणूस मोकळा होतो, असं आपण सगळेच धरून चालतो. फ्रॉइड आणि ब्रॉयर यांनी १८९५ साली दाबलेल्या भावनांना वाट करून देण्याबद्दल लिहिलं, आणि पुढे ‘उशीवर ठोसे मार’ हा सल्ला घरोघरी गेला. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली तो पारखून पाहिला. ६०० विद्यार्थ्यांकडून निबंध लिहून घेतले आणि झोंबणारे शेरे मारून परत दिले. मग काहींना पंचिंग बॅगवर ठोसे मारायला लावले, मनात शेरा मारणारा माणूस ठेवून. काहींना ठोसे मारताना स्वतःच्या व्यायामाचा विचार करायला सांगितलं. उरलेल्यांना नुसतंच दोन मिनिटं बसवून ठेवलं. त्या माणसाला आठवत ज्यांनी ठोसे मारले, तेच सर्वांत जास्त धुमसत राहिले, आणि संधी मिळताच समोरच्याला जास्त त्रासही त्यांनीच दिला. नुसते बसून राहिलेल्यांनी सर्वांत कमी. २०२४ साली बुशमन आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने १५४ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हाही हेच दिसलं: अंग तापवणाऱ्या उपायांनी राग उतरत नाही, धावण्याने तर थोडा वाढतोच. उतरतो तो संथ श्वास, ध्यान, अंग सैल सोडणं अशा शरीर निवांत करणाऱ्या गोष्टींनी.

यामागचं कारण तुझ्या संध्याकाळीच सापडेल. डोंबिवलीला उतरतेस ती गर्दीतून रेटून. जिना चढून घरात येतेस, तेव्हा छाती धडधडत असते, जबडा आवळलेला असतो. डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की आधीच्या श्रमाची किंवा ताणाची धग अंगात शिल्लक असते आणि ती पुढच्या कारणाला जाऊन मिळते. सायकल मारून दमलेल्या माणसाला डिवचलं, तर तो बसून असलेल्यापेक्षा जास्त खवळतो. सोफ्यावर उघडी पडलेली ईशानची वही दिसते आणि तुझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, ती एकट्या वहीमुळे नाही. म्हणून दारातून आत आल्यावर दहा-पंधरा मिनिटं तुझी स्वतःची. चेहरा धू, गॅलरीत बस, श्वास सावकाश सोड. तेवढ्या वेळात कुणाचीही झाडाझडती नको.

पण शरीर निवलं तरी डोक्यातलं पुराण चालू राहतं. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास जी उपचारपद्धती मांडली, तिचं बोट नेमकं तिथे आहे. घटना राग आणत नाही, घटनेबद्दलचा आपला हट्ट आणतो. ‘नवऱ्याने मदत करावी अशी माझी इच्छा आहे’ हे एक. ‘त्याने केलीच पाहिजे, करत नाही म्हणजे तो नालायक’ हे दुसरं. पहिल्यातून नाराजी येते, दुसऱ्यातून संताप. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही विवेकनिष्ठ विचारपद्धती महाराष्ट्रात रुजवली. त्यांचं लेखन मराठीत आहे, मिळवून जरूर वाच.

इथे मला एक भीती वाटते. असलं काही सांगितलं, की बायका ते ‘तूच समजून घे’ असं ऐकतात. तसं मी मुळीच म्हणत नाही. तुझी आजी आठवते. आजोबांनी चार माणसांत तिचा शब्द खाली पाडला, की ती मोरीत जायची आणि राखेने आधीच लखलखीत घासलेलं पितळी पातेलं पुन्हा घासायला घ्यायची. बोटांची पेरं पांढरी पडायची. आजोबांना ती एक अक्षर बोलली नाही. धपाटे आम्हां पोरींच्या पाठीत पडले. वड्याचं तेल वांग्यावर. तिचा राग रास्त होता गं. ज्याला कळायला हवा होता, त्याच्यापर्यंत तो आयुष्यभरात पोचला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

तुझाही रास्त आहे. नोकरी दोघांची, आणि स्वयंपाक, डबा, ईशानचा अभ्यास, सासूबाईंची औषधं हे सगळं तुझ्या माथी. बाटल्या फोडून यातलं काय हलणार? हे अजयरावांशीच बोल. रविवारी सकाळी, पोटात चार घास असताना. ‘तुम्ही कधीच काही करत नाही’ या वाक्याने सुरुवात करू नकोस; ‘कधीच’ ऐकलं की माणूस आपण काय काय केलं ते मोजायला लागतो. ‘सोमवारपासून ईशानचा अभ्यास तुम्ही घ्या’, एवढं एकच माग. हक्काने माग.

आणि परवा ईशानवर हात उगारलास, म्हणालीस. तसं पुन्हा होईल असं वाटलं, तर माझ्या पत्रावर विसंबू नकोस. डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० साली सुरू केलेली आय.पी.एच. ही संस्था ठाण्यात आहे, तुला गाडीने जवळ. सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. यात कमीपणा मानू नकोस.

रविवारचं बोलणं झालं की फोन कर. अजयराव चिडले तर त्यांनाही निवायला वेळ दे, उठून गेले तर जाऊ दे. पण संध्याकाळी विषय पुन्हा काढ.

तुझी,
सुमामावशी